पबमधलं बार बिलियर्ड्स: टेबल बदललं की माप कुठून घ्यायचं?

स्नूकरच्या टेबलाचं माप ठरलेलं असतं. खेळायची जागा ११ फूट ८.५ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद. पॉकेटच्या तोंडाचा आकारसुद्धा साचा लावून तपासतात. आपल्या कॅरमचंही तसंच, स्पर्धेच्या बोर्डाची बाजू ७३.५ ते ७४ सेंटीमीटरच्या आतच हवी.

पण इंग्लंडच्या पबमध्ये बिलियर्ड्सचा एक भाऊ खेळतात, त्याचं नाव बार बिलियर्ड्स. इथे मात्र पब बदलला की टेबलही थोडं वेगळं निघू शकतं.

आधी खेळ समजून घेऊ. टेबल छोटं असतं आणि फक्त एका टोकाकडून खेळतात, त्यामुळे ते भिंतीला टेकवून ठेवता येतं. पबमधल्या अडचणीच्या जागेत ही मोठी सोय. भोकं कोपऱ्यात नसून टेबलाच्या पृष्ठभागावरच असतात आणि त्यांना १० ते २०० असे गुण असतात. बॉल आठ, त्यातला एक लाल. लाल बॉल गेला की गुण दुप्पट.

खरी गंमत लाकडी खुंट्यांची. अळंबीसारख्या दिसणाऱ्या या खुंट्या भोकांसमोर उभ्या असतात. पांढरी पाडली तर त्या पाळीतले गुण जातात. २०० च्या भोकाजवळची काळी पाडली तर आतापर्यंत कमावलेलं सगळं शून्य!

हा खेळ १९३० च्या दशकात बेल्जियममधल्या अशाच एका खेळावरून इंग्लंडमध्ये आला. जेल्क्स, सॅम्स, रायली अशा वेगवेगळ्या कंपन्यांनी टेबलं बनवली. ससेक्स, केंट, ऑक्सफर्डशायरमध्ये याच्या लीग चालतात. म्हणजे आजचा सामना एका पबमध्ये, पुढचा दुसऱ्या. टेबलं एकसारखी नसतील तर घरच्या टीमला फायदा होणारच.

मग उपाय काय? पटकन सुचतं ते असं, की खुंटी कडेपासून अमुक इंचावर ठेवायची, विषय संपला. पण भोकच दुसऱ्या टेबलावर थोडं सरकलेलं असेल तर? इंच तेच राहतील, पण खुंटी आणि भोक यांच्यातली वाट बदलेल.

हा फरक किती पडतो बघा. समजा बॉल एक मीटरवरून मारायचाय आणि खुंटीला न लागता जायला बाजूला ५ मिलिमीटर मोकळीक आहे. म्हणजे नेम साधारण ०.३ अंशापर्यंत चुकला तरी चालतो. खुंटी फक्त ३ मिलिमीटर आत सरकवा, मोकळीक उरली २ मिलिमीटर. आता चूक चालते ०.१ अंशाच्या आसपास. डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकाने काळी खुंटी पडू शकते.

म्हणून माप कडेपासून न घेता भोकाच्या मध्यापासून घेणं जास्त बरोबर. त्याहून सोपं म्हणजे बॉललाच माप मानायचं, खुंटी आणि भोकाची कड यांच्यात बॉलच्या जाडीच्या किती पट जागा हवी ते ठरवायचं. भोक हलवता येत नाही, खुंटी येते. जे हलतं त्याचं माप न हलणाऱ्यापासून घ्यावं, इतकं साधं आहे.

घड्याळाचंही माप असतं बरं का. नाणं टाकलं की वेळ सुरू होतो, वेळ संपला की आतली दांडी पडते आणि भोकात गेलेले बॉल परत येत नाहीत. हा वेळ दोघांचा मिळून एकच. एका पबमध्ये १५ मिनिटं आणि दुसरीकडे १८ मिनिटं मिळाली तर तब्बल २० टक्के फरक. तरबेज खेळाडू एकाच पाळीत मिनिटामागून मिनिटं टेबल सोडत नाही. मग दोन पबमधल्या मोठ्या स्कोअरची तुलना कशी करणार? उलट टेबलाची लांबी थोडी कमी-जास्त असणं मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही, त्या लांबीवर दोघंही खेळतात.

सगळीकडे एकच टेबल अशी सक्तीही करता येईल. पण मग जुनं टेबल बाद होईल, आणि नवं घेण्याऐवजी पबमालक त्या जागी जेवणाचं टेबल मांडेल. लीगमधला एक पब गेला.

त्यापेक्षा कापड बदललं की जुन्या खुणा झाकल्या जातात, तेव्हाच लक्ष द्यावं. टेबल लेव्हलमध्ये आहे ना ते बघायचं, दोन्ही कॅप्टनसमोर भोकापासून मोजायचं, नव्या खुणा करायच्या आणि घड्याळ लावून वेळ तपासायचा. त्यानंतरच सामन्याचं नाणं टाकायचं.