गंजीफ्रॉकचा धंदा आणि तिरुपूरचा धडा

बनियन, मोजे, स्वेटर, टी-शर्ट हा सगळा माल होजिअरीत मोडतो. इंग्रजीत ‘होज’ म्हणजे लांब मोजे. त्यावरून हा शब्द आला. मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी तयार केले.

मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात. होजिअरीत सुया एकाच धाग्याची कडी दुसऱ्या कडीत अडकवत जातात, म्हणून हे कापड ताणले जाते. मागाचे कापड मीटरवर विकतात, होजिअरीचे किलोवर. सुताचा नंबर आणि कापडाचे वजन ज्याला कळत नाही, तो या धंद्यात मार खातो.

हिंदुस्तानात हा उद्योग कलकत्त्यात सुरू झाला. तेथील खिदिरपूर भागात १८९३ मध्ये पहिला कारखाना निघाला आणि पुढे बंगालची बनियन देशभर पोहोचली. उत्तरेत लुधियाना लोकरी मालासाठी नावाजले. १८३३ च्या दुष्काळात काश्मीरहून आलेल्या शालविणकरांनी तेथे लोकरीचा हुनर रुजवला होता. १९४७ च्या फाळणीत तेथील मुसलमान कारीगर मोठ्या संख्येने पाकिस्तानात गेले. धंदा मात्र इतरांनी सांभाळला आणि वाढवला.

गुलाम कादर यांचे बीज

तामिळनाडूतील तिरुपूर पूर्वी कापसाची बाजारपेठ होती. १९२५ मध्ये गुलाम कादर नावाच्या मुसलमान व्यापाऱ्याने तेथे ‘बेबी निटिंग इंडस्ट्रीज’ सुरू केली. यंत्रे हाताने फिरवायची होती, पण कोइमतूरचे सूत जवळ होते. अनेक वर्षे गावात साधी पांढरी बनियनच बनत राहिली. १९७८ च्या सुमारास इटलीचा एक खरेदीदार मुंबईच्या निर्यातदारांमार्फत तिरुपूरला पोहोचला आणि परदेशाचे दार उघडले. २०२४-२५ मध्ये या एका शहराची निर्यात सुमारे ४०,००० कोटी रुपयांवर गेली.

हे एकट्या कारखानदाराचे काम नव्हे. एकाने विणायचे, दुसऱ्याने धुवायचे, तिसऱ्याने रंगवायचे, चौथ्याने छापायचे, पाचव्याने शिवायचे, अशी कामाची वाटणी झाली. थोड्या भांडवलाचा माणूसही एखादे काम धरून उभा राहिला. होजिअरी लघुउद्योगासाठी राखीव होती, त्याचाही आधार मिळाला; ते आरक्षण २००५ मध्ये उठले.

मात्र रंगाच्या पाण्याने नोय्यल नदी नासली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. शुद्धीकरणाचा खर्च आधी टाळला, तो नंतर कैक पटीने भरावा लागला.

आपल्यासाठी काय?

मालेगावचे यंत्रमाग दिवसरात्र चालतात, पण पुष्कळ कापड कोरेच विकले जाते. रंगाई-छपाई बालोतरा, पाली, जेतपूर येथे होते. तयार कपडा तिसरेच कोणी विकतो. मेहनत आपली आणि नफ्याचा मोठा भाग दुसऱ्याचा, हा हिशेब प्रत्येक मागवाल्याने एकदा कागदावर मांडून पाहावा.

होजिअरीत उतरायचे तर पहिल्याच दिवशी महागडे विणकाम यंत्र घेण्याची गरज नाही. कापड किलोवर आणून ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉकच्या चार-सहा मशीनवर बनियन, टी-शर्ट, शाळांचे खेळाचे गणवेश शिवता येतात. गिऱ्हाईक आपल्याच तालुक्यात आहे. ८५, ९०, ९५ सेंटिमीटरची मापे बरोबर ठेवा. पहिल्या धुण्यात आटणारा माल एकदाच विकला जातो.

कामाच्या वाटणीचा धंदा उधारीवर चालतो, आणि आपल्याकडे भागीदाऱ्या बहुधा तोंडी बोलण्यामुळेच तुटतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा कुरआन शरीफचा स्पष्ट हुक्म आहे (सूरह बकरा, आयत २८२). विणणारा, रंगवणारा आणि शिवणारा आपल्या वस्तीत आहेतच. लेखी हिशेबावर ते एकत्र आले, तर हुनराची पूर्ण किंमत घरात येईल. अल्लाह रोजीत बरकत देवो.