बर्फापूर्वीं बागेची तयारी

नुकसान झाल्यावर पंचनामा होतो. पण पंचनाम्यानें मोडलेलें झाड उभें राहत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां गारपिटीनें झोडपलेल्या द्राक्षबागांचीं कित्येक पत्रकें आमच्या हातून लिहिलीं गेलीं. रकान्यांत आंकडा भरून आम्ही पुढच्या बांधावर जात असूं. मागें शेतकरी आपल्या बागेकडे पाहत उभाच असे. म्हणून सेवानिवृत्तीनंतर काश्मिरांत जाण्याचा योग आला, तेव्हां तेथील सफरचंदाच्या बागा हिंवाळ्यास तोंड कशा देतात, हें आम्हीं मुद्दाम विचारून घेतलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

काश्मिरांत २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीस ‘चिल्लई कलान’ म्हणतात. तिच्यामागून वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ व दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. ही थंडी सफरचंदाची वैरीण असावी, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला. डेलिशस जातीच्या झाडास सात अंशांखालील थंडी सुमारें हजार तास मिळाली नाहीं, तर वसंतांत डोळे नीट फुटत नाहींत. पानें झडून झाड निजलें, म्हणजे उघड्या फांद्यांवर बर्फ फारसा ठरत नाहीं. भय आहे तें झाड जागें असतां पडणाऱ्या बर्फाचें.

३ नोव्हेंबर २०१८ रोजीं, व पुन्हां २०१९ च्या नोव्हेंबरांतील पहिल्या आठवड्यांत, खोऱ्यांत अवेळीं मोठा बर्फ पडला. पानें अजून झाडांवर होतीं; कोठें कोठें फळहि उतरावयाचें होतें. प्रत्येक पानानें बर्फ झेलला आणि त्या ओल्या भारानें फांद्या खोडापासून चिरल्या, कांहीं झाडें मुळांसकट कलंडलीं. २०२१ सालीं तर ऑक्टोबरांतच शोपियान व कुलगाम भागांवर हा प्रसंग आला. जुन्या पद्धतीचें मोठें झाड भरांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. तेव्हां एका रात्रींत गेलें तें केवळ एका सालचें पीक नव्हे.

शोपियानकडील एका वृद्ध बागवानानें आम्हांस कामांचा क्रम सांगितला. भर उन्हाळ्यानंतर नत्र द्यावयाचें नाहीं. दिल्यास कोंवळी वाढ चालू राहते व झाड उशिरां निजतें. फळ वेळेवर उतरून घ्यावें. पानें पिवळीं पडूं लागलीं, म्हणजे शंभर लिटर पाण्यांत पांच किलो युरिया मिसळून झाडावर फवारावा. त्यानें गळलेलीं पानें लवकर कुजतात, व खपल्या रोगाची जी बुरशी त्यांत हिंवाळा काढते तिचा जोर मोडतो. वाळलेल्या फांद्या छाटाव्या. लांब फांद्यांस टेकू द्यावे किंवा त्या दोरीनें एकमेकींस बांधाव्या. खोडाभोंवतालचें गवत काढावें, कारण बर्फाखालीं उंदीर साल कुरतडतात. शेणखत आळ्यांत घालावें, पण खोडास चिकटूं देऊं नये. खोडास चुना लावावा. दिवसां उन्हानें तापलेली साल रात्रीं गोठून फाटते, तें त्यानें टळतें. वितळलेलें पाणी सांचूं नये म्हणून चर मोकळे ठेवावे.

याशिवाय घरांत एक लांब काठी तयार असते. अवेळीं बर्फ पडूं लागला, तर रात्रींहि उठून फांदी खालून वर हळूच हालवावयाची. बर्फ गोठून घट्ट झाल्यावर मात्र काठी मारूं नये, फांदीच मोडते.

आम्हीं जुन्या संवयीनें विचारलें, “त्या बर्फांत किती झाडें गेलीं?” म्हाताऱ्यानें आंकडा सांगितला नाहीं. बेचक्यांत चिरलेलें एक झाड त्यानें दाखविलें. चिरलेले भाग जुळवून आरपार लोखंडी बोल्ट बसविला होता; जखमेस बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद एक किलो, चुना एक किलो व पाणी दहा लिटर, असें लाविलें होतें. “हें फळ देतें,” एवढेंच तो म्हणाला.

आपल्याकडे निफाड भागांत पारा पांच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हां द्राक्षवेल निजलेली नसते. ऑक्टोबर छाटणीमुळें ती फळावर असते. त्यामुळें काश्मिरी उपाय येथें जसेच्या तसे उचलतां येणार नाहींत. येथें पहाटे पाणी देणें व शेकोट्या पेटवून धूर करणें, हेच उपाय चालत आले आहेत. परंतु त्यांसाठीं लागणारा पालापाचोळा, सरपण व पाण्याची पाळी यांची तजवीज दिवाळीपूर्वींच झाली पाहिजे. थंडीची लाट आल्यावर सरपण शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. आमच्या शेतकरी बंधूंनीं ही काठी आधींच दाराशीं ठेवावी, म्हणजे आमच्यासारख्या कारकुनास त्यांच्या बांधावर येण्याचें कारण कमी पडेल.