विश्लेषण : सबवूफर महागडा, तरी बेस फिका का? गाडीतल्या आवाजाचे गणित पेटीत कसे दडले आहे?

गाडीत दणदणीत बेस हवा म्हणून अनेक जण आधी मोठा सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतात. पेटी मात्र दुकानात असेल ती बसवतात. मग ढोलाचा ठोका आणि बेस गिटारचा सूर यांत फरकच कळत नाही, नुसते घुमल्यासारखे ऐकू येते. दोष बहुतेक वेळा सबवूफरचा नसून पेटीचा असतो. पेटी गाडीच्या मापाने बेतून घेताना काय पाहावे?

पेटी लागतेच कशाला?

सबवूफरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उघड्यावर या दोन लाटा एकत्र येऊन एकमेकींना मारतात आणि खालचे सूर नाहीसे होतात. पेटी मागची लाट कोंडून ठेवते. शिवाय आत कोंडलेली हवा पडद्यासाठी स्प्रिंगचे काम करते. पेटी लहान तर स्प्रिंग ताठ, मोठी तर स्प्रिंग सैल. सारे डिझाइन या स्प्रिंगभोवती फिरते.

किती लिटरची पेटी हवी, हे कसे ठरते?

ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित मांडले. सबवूफरच्या माहितीपत्रकावर त्यांच्या पद्धतीचे तीन आकडे असतात. ‘एफएस’ म्हणजे पडद्याची स्वतःची कंपनसंख्या, ‘क्यूटीएस’ म्हणजे त्या कंपनावर असलेला लगाम, आणि ‘व्हीएएस’ म्हणजे पडद्याच्या लवचीकतेइतकीच लवचीक असणारी हवा, लिटरमध्ये.

बंद पेटीसाठी ०.७०७ हा आकडा समतोल मानला जातो. त्याला ‘क्यूटीएस’ने भागावे, उत्तराचा वर्ग करून १ वजा करावा आणि येणाऱ्या आकड्याने ‘व्हीएएस’ला भागावे. समजा, १० इंची सबवूफरचा ‘क्यूटीएस’ ०.५, ‘व्हीएएस’ ३० लिटर आणि ‘एफएस’ ३२ हर्ट्झ आहे. मग पेटी ३० लिटरची हवी आणि आतली कंपनसंख्या सुमारे ४५ हर्ट्झ होते. तोच सबवूफर १५ लिटरमध्ये कोंडला तर ती ५५ हर्ट्झवर चढते. खोल सूर कमी होतात, वरच्या बेसला फुगवटा येतो आणि आवाज घुमू लागतो.

माप नेमके कुठे चुकते?

सर्वात मोठी चूक म्हणजे बाहेरून माप घेणे. लागणारे ३० लिटर हे आतले, मोकळ्या हवेचे असतात. त्यात सबवूफरच्या मागच्या भागाने व्यापलेली सुमारे २ लिटर आणि आतल्या आधारपट्ट्यांची १ लिटर जागा मिळवली तर ३३ लिटर होतात. म्हणजे आतून ५० बाय ३० बाय २२ सेंटिमीटर. १८ मिलिमीटर जाडीचा बोर्ड वापरल्यास बाहेरून हीच पेटी ५३.६ बाय ३३.६ बाय २५.६ सेंटिमीटर भरते आणि डिकीतली ४६ लिटर जागा घेते.

सुताराने ५० बाय ३० बाय २२ हे बाहेरचे माप धरले तर आत मोकळी हवा उरते फक्त साडेएकोणीस लिटर. एका बोर्डाच्या जाडीने एक तृतीयांश पेटी गिळलेली असते. म्हणून कागदावर ‘आतील माप’ असे स्पष्ट लिहून द्यावे.

बंद पेटी की पोर्टवाली?

बंद पेटी आटोपशीर असते, आवाज नेमका येतो आणि मापातली थोडी चूक ती पोटात घालते. पोर्टवाल्या पेटीत नळी असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा सूर निघतो, तशी नळीतली हवा ठरावीक सुराला घुमते आणि मागची लाटही कामी येते. तेवढ्याच वॅटमध्ये बेस जास्त मिळतो. पण पेटी मोठी लागते आणि गणित काटेकोर असते. ४५ लिटरची पेटी ३५ हर्ट्झला जुळवायची तर १० सेंटिमीटर आतील व्यासाची नळी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब हवी. नळी आखूड केली की सूर वर सरकतो. नळीचे आतले तोंड समोरच्या फळीपासून निदान व्यासाइतके दूर ठेवावे.

जुळवलेल्या सुराच्या खाली मात्र पडद्याला हवेचा आधार राहत नाही. तो बेलगाम हलतो आणि फाटू शकतो. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर लावणे आवश्यक ठरते.

छोट्या गाडीत छोटी पेटी पुरते का?

बहुतेकदा पुरते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, तर छोटी गाडी जेमतेम चार मीटरची. लाट मावतच नसल्याने आतली हवा एकसंध दाबली जाते आणि खालच्या सुरांना आपसूक उठाव मिळतो. बंद पेटीत खालचे सूर ज्या उताराने घटतात, तो उतार हा उठाव बराचसा भरून काढतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर मोठ्या पोर्टवाल्या पेटीपेक्षा लहान बंद पेटीच व्यवहार्य ठरते.

लाकूड कोणते वापरावे?

एमडीएफ जड, एकसारखे आणि कापायला सोपे असते. पण पाणी लागले की फुगते. कोकणातल्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात डिकीत ओल येत असेल तर मरिन प्लाय बरा. सांधे गोंद आणि स्क्रू लावून जोडावेत, आतून सिलिकॉनने बुजवावेत. बंद पेटी वाजत असताना सांध्यांजवळ अगरबत्तीचा धूर धरला आणि तो थरथरला, की गळती तिथेच आहे हे कळते.

सुरक्षेचे काय?

वरच्या मापाची एमडीएफची पेटी सुमारे १० किलोची. सबवूफर धरून १५ किलो. धडकेत गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या २० पट दराने घटला, तर ती ३०० किलो वजनाच्या जोराने मागच्या सीटवर आदळेल. तिथे बहुधा मुले बसलेली असतात. म्हणून पेटी नुसती ठेवून चालत नाही. ती गाडीच्या धातूच्या सांगाड्याला ब्रॅकेट आणि बोल्टने घट्ट बांधावी. भोक पाडण्यापूर्वी खाली इंधनाची टाकी, नळी किंवा वायर नाही ना, हे पाहावे. सीएनजीच्या टाकीला किंवा तिच्या पट्ट्याला काहीही जोडू नये.

५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ५० अँपिअर वीज खेचतो. बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. नाहीतर पत्र्याला घासलेली एक वायर गाडी पेटवायला पुरेशी असते.

गाडीबाहेरच्यांना त्रास होतो का?

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र ही मोजणी ‘ए’ मापनपद्धतीने होते आणि त्यात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी नोंदला जातो. म्हणूनच यंत्रावरचा आकडा लहान दिसला तरी शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरतात.

मग सुरुवात कुठून करावी?

आधी डिकीतली किती जागा द्यायची, ते ठरवावे. स्टेपनी बाहेर काढता येईल आणि सामान मावेल एवढी जागा सोडून उरलेले लिटर मोजावेत. त्या लिटरमध्ये बसणारा सबवूफर माहितीपत्रकावरून निवडावा, आणि अ‍ॅम्प्लिफायर सर्वात शेवटी. दुकानात हा क्रम सहसा उलटा असतो आणि पैसेही तिथेच वाया जातात.