सळई तुटल्यानंतर

इचलकरंजी म्हटलं की यंत्रमाग आठवतात. पण पोलाद ओढून तोडणारी यंत्रंही याच परिसरात तयार होतात. प्रयोगशाळेत त्यांना सगळे यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन म्हणतात.

16 मिलिमीटरच्या सळईचा तुकडा यंत्राच्या जबड्यांत उभा पकडतात. त्यावर व्यासाच्या पाचपट, म्हणजे 80 मिलिमीटर अंतरावर खुणा केलेल्या असतात. भार वाढत जातो आणि एका टप्प्यावर सळई कायमची लांबायला लागते. हे तिचं यील्ड. पुढे मधेच तिची कंबर बारीक होते आणि मोठा आवाज करून ती तुटते. मग दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजतात. आयएस 1786 या भारतीय मानकानुसार एफई 500 डी प्रतीच्या सळईचं यील्ड किमान 500 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवं आणि लांबणं किमान 16 टक्के. म्हणजे 80 चे निदान 92.8 मिलिमीटर झाले पाहिजेत.

पण जी तपासली ती सळई तर तुटली. इमारतीत जाणार तिच्या न तपासलेल्या बहिणी. त्यांच्याबद्दल बोलायचं तर संख्याशास्त्राला पर्याय नाही.

समजा, एका गिरणीच्या सळयांचं सरासरी यील्ड 560 आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरणीचं माप, 30. दुसरीची सरासरी 540, विचलन 12. पहिली सरस वाटते. प्रत्यक्षात आकडे सामान्य वितरणाप्रमाणे पसरले असतील, तर पहिलीच्या हजारांतल्या सुमारे 23 सळया 500 च्या खाली जातील. दुसरीच्या दहा हजारांत जेमतेम चार. भरवसा दुसरीचाच.

हा विखुरलेपणा येतो कुठून? जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून पोलाद करतात आणि प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे एका वेळच्या वितळणीत, भंगार थोडं वेगळं असतं. लाटताना तापमान बदलतं, सळई थंड करणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याचा दाब बदलतो. चाचणीत सळई ओढण्याचा वेग वाढवला तरी यील्ड जास्त दिसतं. तो दोष पोलादाचा नसून मोजणीचा.

नेहमीचा चढउतार कोणता आणि खरी गडबड कोणती, हे ओळखायचा तक्ता वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये अमेरिकेत मांडला. सरासरीची एक रेघ, तिच्या वर-खाली तीन-तीन विचलनांवर मर्यादा, आणि प्रत्येक मोजणीचा एक ठिपका. सलग आठ ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर सगळ्या सळया ‘पास’ असूनही कारण शोधायचं. या शिस्तीचं मोल इथेच आहे: ती नापास व्हायची वाट पाहत नाही.

यील्ड चढतंय म्हणून खूश होण्यातही धोका असतो. फवारा जास्त झाला की ताकद वाढते, पण लांबणं घटतं, आणि भूकंपात इमारतीला वेळ मिळतो तो या लांबण्यामुळेच. म्हणून यील्ड आणि लांबणं या दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.

मोठी खरेदी करणाऱ्यांनी प्रमाणपत्रावरचा हीट क्रमांक सळयांच्या मोळीशी ताडून पाहावा आणि असे तक्ते काढण्यासाठी गिरणीकडे मागच्या पंचवीस हीटचे आकडेही मागावेत.