खेळायला नकार

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला माणसांचा पूर लोटतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली. बरोबर बारा वर्षांनी त्याच तारखेला मेक्सिको सिटीत अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी निषेध म्हणून ऑलिंपिकच्या विजयमंचावर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. तारखांचा निव्वळ योगायोग. पण त्या मुठी आपल्याला पाठ असतात आणि मुंबईतलं १९२० साल आठवत नाही, याचं नवल वाटतं.

बाळू पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायची, सरावाला गोलंदाजी करायची. पुढे जिंकायचं तर या डावखुऱ्या फिरकीपटूला पर्याय नाही, हे हिंदू संघाला कळलं. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र इतरांच्या हाती चिनीमातीचे कप, आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद दरवेळी दुसऱ्याकडे.

हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांच्या मुंबईतल्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत १९२० साली तर बाळूंना वगळलंच. कर्णधार झाले एम. डी. पै. ते आजारी पडल्यावर मुस्लिम संघाविरुद्ध धुरा गेली दि. ब. देवधरांकडे, बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल पुन्हा डावलले गेले. विठ्ठल आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही संघाबाहेर पडले आणि जातीमुळेच हे घडतंय असं त्यांनी जाहीर पत्रक काढून सांगितलं. लोकमत त्यांच्या बाजूने गेलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मैदानाबाहेर असताना संघ बाळूंनीच चालवला. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवलं.

बाळूंना सरसकट बंडखोर ठरवू नये. १९३७च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले.

माझ्या मते १९२०चा नकार फळला, कारण विठ्ठल आणि शिवराम नसले की संघ लंगडा पडत होता. अमेरिकेत फुटबॉलपटू कॉलिन केपरनिकने २०१६मध्ये वर्णद्वेषाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. पुढच्या हंगामापासून एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

आता आपल्याकडे बघा. चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी मे २०१८मध्ये एव्हरेस्टवर पोचले. सत्कार झाले, छायाचित्रं छापून आली. शेजारच्या गडचिरोलीतल्या भामरागड, अहेरीच्या आश्रमशाळांतल्या मुली दरवर्षी प्रकल्पस्तरीय क्रीडा स्पर्धेत धावतात. तिथून विभागीय, मग राज्य. उद्या यांतल्या एखादीला कुणी तिच्या बोलीवरून हिणवलं आणि ती शर्यत न धावता माघारी फिरली, तर पत्रक कोण काढणार? तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडेल आणि मार्गिकेवर दुसरी मुलगी उभी राहील.