मासळीच्या गोदामातला नाट्यहंगाम

२८ जुलै १९१६ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिन्सटाउन या गावात, मासळीच्या एका जुन्या गोदामात, २७ वर्षांच्या एका अनोळखी तरुणाची एकांकिका झाली. अकरा दिवसांनी, ८ ऑगस्टला, त्याच फळ्यांवर एका कादंबरीकार बाईंनी एकटीने लिहिलेलं पहिलं नाटक उभं राहिलं. तरुणाचं नाव युजीन ओनील. वीस वर्षांनी त्याला साहित्याचं नोबेल मिळालं आणि तो मान मिळालेला तो आजही एकमेव अमेरिकी नाटककार आहे. बाईंचं नाव सुझन ग्लास्पेल. त्यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका शंभर वर्षं उलटून गेली तरी अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत शिकवली जाते, करून पाहिली जाते.

एका हौशी मंडळाच्या एका उन्हाळी हंगामाने दोन नाटककार दिले. दोन गुणी माणसं योगायोगाने एका गावात आली होती, असं म्हणून विषय संपवता येतो. पण त्या हंगामाची व्यवस्था कशी होती, पैसे कुठून आले, तारखा कशा ठरल्या, नाटकं कुणासाठी लिहिली गेली हे पाहायला लागलं की योगायोगाचा वाटा बराच कमी होतो.

गाव आणि पाहुणे

मॅसॅच्युसेट्स राज्यातलं केप कॉड हे भूशिर कोपरात वाकवलेल्या हातासारखं समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या अगदी टोकाला प्रॉव्हिन्सटाउन. १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने पहिल्यांदा नांगर टाकला तो इथे. पुढे देवमाशांची शिकार आणि कॉड मासळी यांवर गाव वाढलं. अझोर्स बेटांवरून आलेली पोर्तुगीज कुटुंबं इथे स्थायिक झाली आणि बंदरातले धक्के त्यांच्या होड्यांनी भरले. १८९९ साली चार्ल्स हॉथॉर्न या चित्रकाराने इथे चित्रशाळा काढली, तेव्हापासून उन्हाळ्यात चित्रकारांची ये-जा सुरू झाली.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली जी लेखक-कलावंत मंडळी एरवी उन्हाळ्यात पॅरिस किंवा फ्लॉरेन्स गाठायची, त्यांना तिकडची वाट बंद झाली. ती या स्वस्त आणि निवांत गावाकडे वळली. पत्रकार जॉन रीड, कादंबरीकार नीथ बॉइस आणि त्यांचे पती हचिन्स हॅपगुड, कामगार चळवळीवर लिहिणाऱ्या मेरी हीटन व्होर्स, नेपथ्यकार रॉबर्ट एडमंड जोन्स असा हा गोतावळा होता. त्यात आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टहून आलेलं एक जोडपं होतं, जॉर्ज क्रॅम कुक आणि सुझन ग्लास्पेल. कुक आधी विद्यापीठात शिकवायचा, मग त्याने भाजीपाल्याची शेती केली, मग पत्रकारिता केली. प्राचीन ग्रीक नाटकाचं त्याला वेड होतं. १९११ मध्ये डब्लिनची ॲबी थिएटरची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर आली होती. आपल्याच मातीतल्या माणसांची, साध्या बोलीतली ती नाटकं पाहून तो भारावला होता.

त्या काळचं ब्रॉडवे म्हणजे नटसम्राटांचा आणि हमखास गल्ल्याचा धंदा. ओनीलचे वडील जेम्स ओनील हे त्याचं ठळक उदाहरण. ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधली एकच भूमिका त्यांनी हजारो वेळा केली. पैसा भरपूर मिळाला आणि नट म्हणून आयुष्य वाया गेल्याची खंतही राहिली. नव्या लेखकाच्या छोट्या नाटकाला त्या बाजारात जागा नव्हती. न्यूयॉर्कच्या एका हौशी मंडळानेसुद्धा कुक आणि ग्लास्पेल यांची ‘सप्रेस्ड डिझायर्स’ ही एकांकिका नाकारली होती. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचं खूळ डोक्यात शिरलेल्या बाईची ती थट्टा होती.

व्हरांड्यातून धक्क्यावर

१५ जुलै १९१५ च्या रात्री हॅपगुड दांपत्याच्या भाड्याच्या घरात हे सगळं सुरू झालं. नीथ बॉइस यांची ‘कॉन्स्टन्सी’ आधी झाली. मित्रमंडळातल्याच एका गाजलेल्या प्रेमप्रकरणावर ती बेतलेली होती आणि पाहणाऱ्यांना नायक-नायिका कोण हे ओळखायला वेळ लागला नाही. ती व्हरांड्यात झाली, मागे समुद्र. ती संपल्यावर प्रेक्षकांनी उठून आपापल्या खुर्च्या उलट्या फिरवल्या आणि दिवाणखान्यात ‘सप्रेस्ड डिझायर्स’ सुरू झाली. दोन्हींची मांडामांड जोन्सने घरातल्याच सामानातून केली. हाच जोन्स पुढे अमेरिकेतल्या आघाडीच्या नेपथ्यकारांपैकी एक झाला.

ज्यांना त्या रात्री जागा मिळाली नाही त्यांनी पुन्हा प्रयोग मागितला. मेरी हीटन व्होर्स यांच्या मालकीचा एक जुना धक्का होता, लुईस व्हार्फ. त्याच्या टोकाला मासळीचं गोदाम. मंडळींनी त्यातल्या होड्या, जाळी, नांगर बाहेर ओढले. रंगमंच बांधला तो जेमतेम दहा फूट बाय बारा फुटांचा. मागच्या भिंतीला सरकती दारं होती. ती उघडली की बंदर हेच नेपथ्य. बसायला फळ्यांचे बाक.

प्रकाशयोजनेचं वर्णन व्होर्सबाईंनी आपल्या आठवणींत करून ठेवलं आहे. विंगेत चौघं हातात दिवे धरून उभी राहायची. रंगमंचाच्या पुढे, जुन्या नाटकगृहांतल्यासारखे, पत्र्याचे परावर्तक लावलेले कंदील मांडलेले. आणि दिवे धरणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी आणखी एक जण, वाळू आणि फावडं घेऊन. आग लागली तर विझवायला! सुक्या लाकडाची इमारत, खाली समुद्र आणि नटांहून जास्त गर्दी विंगेत, असा तो संसार होता.

आधी वर्गणी, मग नाटक

१९१५ चं सगळं हौसेचं आणि आयत्या वेळचं होतं. १९१६ मध्ये कुकने त्याला शिस्त लावली. मंडळींनी पाच-पाच डॉलर वर्गणी काढून गोदाम दुरुस्त केलं, विजेचे दिवे आणले. मग कुकने गावातल्या उन्हाळी पाहुण्यांना संपूर्ण हंगामाची तिकिटं आगाऊ विकली. एका खेळात तीन एकांकिका आणि हंगामात असे अनेक खेळ, असा हिशेब होता. गंमत अशी की, तिकिटं विकली तेव्हा त्यातली कित्येक नाटकं लिहूनच झाली नव्हती.

माझ्या मते त्या हंगामाची किल्ली इथे आहे. पैसे घेतले होते, तारखा लागल्या होत्या, रंगमंच तयार होता. आता लिहिल्यावाचून सुटका नव्हती. एरवी नाटककार संहिता घेऊन थिएटरवाल्यांचे उंबरे झिजवतो. इथे रंगमंचच नाटककाराच्या मागे लागला होता.

दुसऱ्या खेळासाठी नाटकं कमी पडत होती, तेव्हा ओनील सापडला. टेरी कार्लिन या वयस्क अराजकवादी मित्राबरोबर तो केप कॉडला आला होता. ग्लास्पेलबाईंनी लिहून ठेवलेली हकिकत अशी : त्यांनी कार्लिनला नाटक आहे का विचारलं. तो म्हणाला, मी लिहीत नाही, पण या ओनीलकडे ट्रंकभर नाटकं आहेत. चरित्रकारांनी या ट्रंकेविषयी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे, कारण मंडळींनी पुढे आपल्या आरंभकाळाच्या बऱ्याच गोष्टी रंगवून सांगितल्या. एवढं नक्की की, कुक-ग्लास्पेलच्या घरी ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’चं वाचन झालं. वाचणारा दुसराच होता. ओनील तोवर शेजारच्या जेवणघरात थांबला होता.

नाटकात फारसं काही घडत नाही. ग्लेनकेर्न नावाचं मालवाहू जहाज न्यूयॉर्कहून कार्डिफला निघालं आहे. बाहेर धुकं. खलाशांच्या कोंदट खोलीत यँक नावाचा खलाशी पडून जबर जखमी झाला आहे आणि मरतो आहे. मित्र ड्रिस्कॉल त्याच्याशी बोलत बसतो. जमिनीचा तुकडा, घर, शेत अशी खलाशाला कधीच न मिळणारी स्वप्नं. ओनील स्वतः १९१० मध्ये नॉर्वेच्या शिडाच्या जहाजावरून ब्वेनोस आयर्सला गेला होता, पुढे बोटींवर खलाशी म्हणून राबला होता. ड्रिस्कॉल हे नावही त्याच्या ओळखीच्या एका आगवाल्याचं. नंतर क्षय झाला, आरोग्यधामात काही महिने काढले आणि तिथे त्याने नाटककार व्हायचं ठरवलं. अनुभवाची पुंजी त्याच्यापाशी होती, ती मांडायला जागा मात्र नव्हती.

प्रयोगाच्या रात्री कुकने यँक केला. ओनीलने सेकंड मेटची भूमिका घेतली, वाट्याला एकच वाक्य. ग्लास्पेल सांगतात, त्या रात्री भरती होती. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी जाणवत होतं, समुद्राचा वास येत होता, बंदरात धुकं उतरलं होतं आणि धुक्याच्या इशाऱ्याची घंटा वाजत होती. संहितेत लिहिलेलं धुकं निसर्गाने फुकट पुरवलं! ब्रॉडवेच्या कुठल्याही कारखान्याला हे नेपथ्य जमलं नसतं. उलट, हेच नाटक हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात झालं असतं तर मरणाऱ्या खलाशाचं पुटपुटणं तिसऱ्या रांगेपलीकडे पोचलं नसतं.

स्वयंपाकघरातला पुरावा

पुढच्या खेळाला नाटक हवं होतं. कुकने बायकोला फर्मावलं, तू लिही. ती म्हणाली, मला नाटक लिहिता येत नाही. कुकचं उत्तर असं होतं की, तुझ्याकडे रंगमंच आहे ना! मग ग्लास्पेल रिकाम्या गोदामात जाऊन बाकावर बसू लागल्या. समोरच्या उघड्या फळ्या पाहता पाहता तिथे एक स्वयंपाकघर दिसायला लागलं. लिहिताना अडलं की त्या पुन्हा धक्क्यावर जायच्या आणि पात्र कुठून येईल, कुठे उभं राहील ते पाहून परतायच्या.

ते स्वयंपाकघर आयोवातलं होतं. तरुणपणी त्या डे मॉइन शहरातल्या दैनिकात बातमीदार होत्या. डिसेंबर १९०० मध्ये जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. शेजारी झोपलेल्या पत्नी मार्गारेटवर आरोप ठेवला गेला. ग्लास्पेलनी हा खटला वृत्तपत्रासाठी लिहून काढला. पत्नीला दोषी ठरवलं गेलं, वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि दुसऱ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दोन्ही वेळा ज्यूरीत सगळे पुरुष होते.

‘ट्रायफल्स’मध्ये कुऱ्हाडीच्या जागी दोर आला. नवऱ्याच्या खुनाची आरोपी मिनी राइट तुरुंगात आहे आणि अख्ख्या नाटकात ती दिसतच नाही. शेरीफ आणि सरकारी वकील माडीवर, गोठ्यात पुरावे शोधत हिंडतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघी बायका स्वयंपाकघरात थांबतात. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेलं टेबल, पिंजऱ्याचं मोडकं दार हे सगळं त्यांच्या नजरेला पडतं. गोधडीचे बाकी सगळे टाके सुबक आहेत, एकाच तुकड्यावर ते वेडेवाकडे झालेत. दोघींपैकी एक, मिसेस हेल, काही न बोलता ते उसवून नीट घालू लागते. मग शिवणाच्या पेटीत, रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी सापडतो. तो नवऱ्याने मारला हे त्या ओळखतात आणि खुनाचं कारण कळतं. पुरुष येऊन गोधडीवरून थट्टा करतात आणि बायका तो पक्षी लपवतात.

मिसेस हेलची भूमिका ग्लास्पेलनी स्वतः केली. अमेरिकेत सर्व राज्यांतल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळायला अजून चार वर्षं अवकाश होता. बायकांच्या बाजूचा हा मजकूर एखाद्या भाषणात मावला असता, पण त्यांनी तो वेड्यावाकड्या टाक्यात ठेवला. दहा-बारा फुटांच्या मंचावर, हाताच्या अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाला तो टाका दिसू शकत होता, म्हणूनच तसं लिहिणं शक्य झालं.

यशाची किंमत

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळींनी सभा भरवून ‘प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स’ची रीतसर स्थापना केली. नियमांचा गाभा एवढाच होता की, अमेरिकी लेखकाचं नवं नाटक करायचं आणि ते कसं बसवायचं हे लेखकाने ठरवायचं. नोव्हेंबरमध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कला मॅकडूगल स्ट्रीटवर हललं. तिथेही सभासद-वर्गणीचीच पद्धत ठेवली आणि समीक्षकांना फुकट पास द्यायचे नाहीत असं ठरलं.

१ नोव्हेंबर १९२० ला ओनीलचं ‘द एम्परर जोन्स’ आलं. चार्ल्स गिल्पिन या कृष्णवर्णीय नटाने प्रमुख भूमिका गाजवली, प्रेक्षकांच्या रांगा लागल्या आणि नाटक ब्रॉडवेवर गेलं. यशाने संस्थेचं गणित बिघडलं. जो तो मोठ्या नाट्यगृहाकडे पाहू लागला. नव्या लेखकासाठी चुकायची मोकळीक उरली नाही. १९२२ मध्ये कुक आणि ग्लास्पेल ग्रीसला निघून गेले. १९२४ च्या जानेवारीत कुक डेल्फीला वारला. मासळीचं ते गोदामही त्या दशकात टिकलं नाही.

या कहाणीला एक उणी बाजूही आहे. लिहिणारे, करणारे आणि पाहणारे बहुतेक सगळे उन्हाळी पाहुणे होते. ज्यांच्या धक्क्यांवर, ज्यांच्या समुद्रावर ही नाटकं उभी राहिली, त्या पोर्तुगीज मच्छीमारांचा या मंडळात वाटा दिसत नाही. ‘गावचं थिएटर’ म्हणताना हे विसरू नये.

आपल्यासाठी

छोट्या जागेने लेखन बदलतं हे आपल्याला नवं नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे केलं, ते याच जातीचं होतं. पण आज आपल्या हौशी रंगभूमीचं वेळापत्रक स्पर्धा ठरवते. राज्य नाट्य स्पर्धेने आणि पुरुषोत्तम करंडकाने मराठीला कितीतरी नाटकवाले दिले, हे मान्यच. तरी स्पर्धेसाठी लिहिलेली एकांकिका परीक्षकांसाठी लिहिली जाते, चार-दोन प्रयोगांत संपते, आणि लेखकाला पुढच्या महिन्यात त्याच प्रेक्षकांसमोर दुसरं नाटक घेऊन उभं राहावं लागत नाही. प्रॉव्हिन्सटाउनने नेमकं तेच करायला लावलं.

म्हणून तालुक्याच्या गावातल्या हौशी मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. येत्या मे महिन्यात एखादी शाळा, एखादं मंगल कार्यालय, एखादं रिकामं गोदाम घ्या. पंधरा दिवसांच्या अंतराने तीन संध्याकाळी ठरवा, प्रत्येक संध्याकाळी फक्त नव्या एकांकिका करा, आणि संहिता हातात येण्याआधी गावातल्या शंभर घरांतून हंगामाची वर्गणी गोळा करा. नोबेलची हमी कुणी देणार नाही. पण पैसे दिलेले शेजारी पाहायला येणार आहेत म्हटल्यावर गावातलं कुणीतरी लिहायला बसेल, आणि सुरुवात तिथूनच होते.