क्लिंगॉन योद्ध्यांची तलवार अशी वाकडी का? माणूस नसलेल्या प्राण्याच्या हातात शस्त्र द्यायचं तर आधी काय बघतात?

साल 1990. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेत एक भाग येणार होता, नाव ‘रीयुनियन’. त्यात वर्फ नावाच्या क्लिंगॉन योद्ध्याला सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शस्त्र हवं होतं. क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरची लढवय्यी जमात. कपाळावर उंचवटे, पहाडी आवाज, आणि मान-अपमानावरून जीव द्यायची-घ्यायची तयारी.

हे काम डॅन करी यांनी अंगावर घेतलं. खरं तर ते मालिकेचे व्हिज्युअल इफेक्ट्स बघणारे, शस्त्र बनवणारे नव्हेत. पण आशियातल्या युद्धकलांचा त्यांचा अभ्यास होता. दिसायला भारी आणि धरायला गेलं की निरुपयोगी, अशी सिनेमातली शस्त्रं त्यांना पटत नसत. म्हणून त्यांनी सुरुवात पात्यापासून न करता हातांपासून केली. दोन हात शस्त्र कुठे पकडतील, वार कसा फिरेल, समोरचा वार कशावर अडवायचा, हे ठरवत गेले आणि त्यातून जन्माला आलं ‘बॅटलेथ’. चंद्रकोरीसारखं वाकलेलं एकसंध पातं, दोन्ही टोकांना दुहेरी अणी आणि पाठीच्या बाजूला कोरलेल्या मुठी. चिनी शस्त्रांची छाप त्यावर स्पष्ट दिसते. वर्फचं काम करणाऱ्या मायकेल डॉर्न यांना हे शस्त्र चालवायला शिकवलं तेही करी यांनीच, आणि त्या हालचालींत ताई-चीचा भाग बराच होता.

पुढे बॅटलेथ इतकं गाजलं की चाहत्यांनी ते खऱ्या पोलादात बनवून घेतलं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज शहरात तर एका बुरखाधारी चोराने बॅटलेथसारखंच शस्त्र दाखवून दुकानं लुटायचा प्रयत्न केला!

पण खऱ्या तलवारबाजीचा सराव करणारे लोक बॅटलेथवर एक आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाही. मालिकेच्या जगात त्याची लांबी 116 सेंटीमीटर आणि वजन 5.3 किलो सांगितलं जातं. युरोपातली दोन हातांनी चालवायची लांब तलवार साधारण दीड किलोची असते. म्हणजे बॅटलेथ तिच्या साधारण साडेतीनपट जड. वर दोन्ही हात शस्त्राच्या मधोमध, त्यामुळे पल्ला अगदीच तोकडा. समोरच्याकडे साधा भाला असला तरी तो बॅटलेथवाल्याला जवळ फिरकू देणार नाही.

मग करी चुकले का?

माणसाच्या मापाने पाहिलं तर हो. पण शस्त्र माणसासाठी नव्हतंच. 1992 च्या ‘एथिक्स’ या भागात क्लिंगॉन शरीराची माहिती येते. त्यांना 23 बरगड्या असतात, दोन यकृतं असतात आणि हृदयाला आठ कप्पे असतात. एक अवयव निकामी झाला तर दुसरा तयार. अशा गड्याला एक-दोन जखमांची काय पर्वा? तो दोन वार अंगावर घेऊन सरळ आत घुसू शकतो, आणि एकदा अंगाला अंग भिडलं की भाल्याचा दांडा अडचणीचाच होतो. शिवाय क्लिंगॉनांकडे किरणांच्या बंदुकाही आहेत. तलवार ही त्यांची गरज नाही, निवड आहे. ज्यांना शत्रूच्या डोळ्यात बघून मारण्यातच इभ्रत वाटते, त्यांना पल्ला कमी असणं हा दोष वाटणार नाही.

गंमत म्हणजे शस्त्र आधी आलं आणि शरीराचं वर्णन दोन वर्षांनी. तरी दोन्ही जुळलं, ही नशिबाची गोष्ट म्हणायची. अशा वेळी नशिबावर न विसंबलेलं बरं. कॉमिक, गेम किंवा कादंबरीसाठी नवी जमात रचणारे बहुतेक जण इथेच घसरतात. ते माणसाची तलवार घेतात, तिला चार काटे लावतात, आकार दुप्पट करतात आणि राक्षसाच्या हातात देतात.

आकार दुप्पट केला की काय होतं बघा. सव्वा किलोची तलवार लांबी, रुंदी आणि जाडी अशी तिन्ही बाजूंनी दुप्पट केली तर वजन दुप्पट होत नाही, आठपट होतं. म्हणजे दहा किलो. आता तलवार धरणाराही दुप्पट उंच आहे असं समजू. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असते, म्हणून ती साधारण चौपटच वाढते. शस्त्र आठपट जड आणि हात चौपट ताकदीचा. वर राक्षसाला स्वतःचं आठपट झालेलं अंगही पेलायचं आहे! त्यामुळे राक्षसाची तलवार ही माणसाच्या तलवारीची झेरॉक्स असूच शकत नाही. तिचं पातं प्रमाणाने पातळ असायला हवं, किंवा त्याने सरळ लांब दांड्याचं शस्त्र उचलावं.

उलट बाजूला बुटकी जमात घ्या. माणसाच्या निम्म्या उंचीच्या योद्ध्याला निम्म्या मापाची तलवार दिली तर ती दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. तिने खोल घाव बसणार कसा? अशांनी कापण्याच्या नादाला न लागता टोचावं. टोकाला ताकद कमी लागते, आणि भाल्याने आखूड हाताची उणीवही भरून निघते.

या हिशेबात एक जुनं उदाहरण अनपेक्षितपणे पास होतं. एडगर राइस बरोज यांची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ही कादंबरी 1912 मध्ये क्रमशः छापून आली. त्यातले मंगळावरचे हिरवे योद्धे 15 फूट उंच, चार हातांचे, आणि त्यांचे भाले तब्बल 40 फुटांचे. ऐकायला थापच वाटते. पण मॅसेडोनियाच्या सैन्यातला ‘सारिसा’ हा खराखुरा भाला पाच ते सहा मीटरचा असायचा, म्हणजे तो धरणाऱ्या सैनिकाच्या तिप्पट किंवा त्याहून थोडा जास्त. बरोजचा भाला धरणाऱ्याच्या पावणेतीन पटही नाही.

मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 38 टक्के, म्हणून भाला हातात हलका लागेल हे खरं. पण इथे एक मेख आहे. वजन कमी झालं तरी वस्तुमान तेवढंच राहतं. तोलून धरणं सोपं, मात्र गरकन फिरवणं आणि फिरवलेलं थांबवणं पृथ्वीइतकंच कठीण. उलट पायांना जमिनीची पकड कमी मिळत असल्याने जोरात फिरवणारा स्वतःच भेलकांडेल. म्हणून कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर गदा फिरवण्यापेक्षा भाला खुपसणं शहाणपणाचं. बरोजने एवढा विचार केला असेल की नाही कोण जाणे, पण भाला बरोबर निवडला.

यानंतर येतो पंजा, आणि खरी अडचण इथेच असते. समजा जमातीला लांब नखं आहेत. पेन मुठीत घट्ट धरून बघा, बोटांची टोकं तळहाताला टेकतात. तिथे दोन इंचांची नखं असती तर ती तळहातातच रुतली असती. म्हणजे नखं असलेल्या प्राण्याला बारीक मूठ चालणारच नाही. ती जाड हवी, किंवा शस्त्र बोटांत न धरता मनगटाला बांधायला हवं. 1987 च्या ‘प्रिडेटर’ सिनेमातल्या शिकाऱ्याची पाती मनगटावरून बाहेर येतात, ते त्याच्या पंजाला शोभतं.

मनगटाचाच धागा धरायचा तर आपल्याकडचा दांडपट्टा आठवायलाच हवा. पट्ट्याच्या मुठीला खोबळा म्हणतात. त्याचं लोखंडी आवरण कोपराच्या दिशेने हातावर चढतं आणि मूठ आत आडवी असते. हात एकदा आत गेला की मनगट वाकत नाही. साध्या तलवारीला मनगटाची लवचीकता लागते, पट्टा मात्र खांदा, कंबर आणि पायांच्या चालीवर फिरतो. ज्याचं मनगट मुळातच ताठ आहे अशा एखाद्या काल्पनिक कवचधारी प्राण्याला तलवार देण्यापेक्षा पट्ट्यासारखं काही दिलं तर ते लगेच खरं वाटेल. वाघनखांची गोष्ट याच्या उलट. तिथे नखं नसलेल्या माणसाने वाघाची नखं उसनी घेतली आणि बोटांत अंगठ्यांनी अडकवली.

शरीराइतकाच महत्त्वाचा असतो शत्रू. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या सिनेमांसाठी न्यूझीलंडमधल्या वेटा वर्कशॉपने एकेका जमातीची शस्त्रं वेगळ्या वळणाची केली. एल्फ लोकांची पाती पानासारखी लवलेली, बुटक्या ड्वार्फांची कुऱ्हाड सरळ रेषांत तासलेली. उरुक-हाय या सैतानी सैनिकांची तलवार मात्र पत्र्यातून कापून काढल्यासारखी ओबडधोबड, ना नक्षी ना चकाकी, आणि पुढच्या टोकाला मागे वळलेला आकडा. हे सैनिक कारखान्यात माल काढावा तसे घाऊक तयार केलेले, त्यामुळे त्यांची शस्त्रंही घाऊकच. आणि आकडा कशाला? रोहानच्या घोडेस्वारांना खोगिरावरून खाली ओढायला. टॉल्किन यांच्या पुस्तकात उरुक-हायकडे आखूड, रुंद पात्याच्या तलवारी आहेत, इतर ऑर्कांसारख्या वक्र नाहीत. सिनेमाने तो धागा उचलला आणि आकडा जोडला. एकही संवाद नसताना ती तलवार पाहूनच कळतं, की या सैन्याला बनवणाऱ्याने लढाई कुणाशी होणार हे आधीच ठरवलं होतं.

आणि ज्यांना हातच नाहीत त्यांचं काय? इथे कल्पनेची गरजच नाही, कारण इतिहासात असे योद्धे होऊन गेले. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे हत्ती.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौल बंदरात उतरला, तिथून जुन्नरला आणि पुढे बहामनी राजधानी बीदरला गेला. तिथल्या फौजेतल्या हत्तींबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की त्यांच्या सोंडेला आणि सुळ्यांना मोठाली पाती बांधतात आणि अंगावर पोलादी कवच चढवतात. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात भारतातून गेलेलं एक हत्तीचं कवच आजही आहे. त्याचे काही भाग हरवलेत, तरी उरलेल्याचं वजन 118 किलो भरतं.

हत्तीचं शस्त्र म्हणून सुळ्यावरचं पातं अगदी चोख आहे. हत्तीची मान आखूड असते. तो डोकं खाली घालून झटक्याने वर उचलतो आणि बाजूला हिसडा देतो. पात्याला तेवढीच हालचाल पुरते, वेगळं काही शिकवावं लागत नाही. सोंडेला बांधलेलं पातं मात्र धोक्याचं. सोंड कितीही चपळ असली तरी ती हत्तीची सगळ्यात नाजूक जागा. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसच्या हत्तींशी लढताना सिकंदराच्या सैनिकांनी सोंडांवरही वार केल्याचं रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो. जो अवयव जपायचा तोच पुढे करून लढायचं, हा सौदा तोट्याचा. काल्पनिक प्राण्याला शेपटी, सोंड किंवा मिशांच्या टोकाला शस्त्र बांधणाऱ्यांनी हे जरूर बघावं, कारण चित्रात ते नेहमीच झकास दिसतं.

हत्ती आणखी एक प्रश्न उभा करतो, आणि नवी जमात रचणारे तो हमखास विसरतात. सुळ्यावर पातं हत्ती स्वतः चढवत नव्हता. माणूस चढवायचा आणि लढाई संपल्यावर माणूसच उतरवायचा. कोंबड्यांच्या झुंजीत पायाला पाती बांधतात, तिथेही बांधणारा माणूसच. मग समजा एखाद्या कथेत बुद्धिमान, पण बिनहातांचे लांडगे आहेत आणि त्यांच्या जबड्यात पाती आहेत. त्यांचे पट्टे कोण आवळतं? भट्टी कोण पेटवतं, घण कोण मारतं? त्या जगात कुठेतरी हात असलेली दुसरी जमात असायलाच हवी. मग ती लांडग्यांची गुलाम असेल, भागीदार असेल किंवा मालक.